काकांच्या नजरेआड: कुंडीतल्या उंच झाडांना दिलेले गुण

घाई असेल त्यांच्यासाठी निकाल आधीच लावते. बांबू १० पैकी ४. अरेका पाम ६. फायकस ३, त्यातला एक सहानुभूतीचा. मोरपंखी ५. जाळीवर चढवलेली मधुमालती ७. कामिनी साडेआठ. अठ्ठावीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली, त्यामुळे गुण दिल्याशिवाय मला मत सांगता येत नाही. आणि साडेआठच्या वर मी कधी कुणाला दिलेले नाहीत.

आता प्रश्नपत्रिका. आमचं घर पहिल्या मजल्यावर, पुढे मोकळी गच्ची. मधे ५ फुटांची बोळ आणि पलीकडच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर काकांची गॅलरी. काका निवृत्त, मीही निवृत्त. मला सकाळी गच्चीत खुर्ची टाकून वाचायला आवडतं आणि त्यांना मी वाचताना बघायला. निव्वळ बघून थांबले असते तर मी एकही कुंडी घेतली नसती. पण काका धावतं समालोचन करतात. “आज उशीर झाला?” “चष्मा बदललात वाटतं!” “कालपासून त्याच पानावर आहात हो.” भाऊ येऊन गेला तर दुसऱ्या दिवशी, “पाहुणे लवकर गेले?” वाईट माणूस नाही. भांडावं असं काही बोलतही नाही, आणि खरी अडचण तीच आहे. भांडता येत नसेल अशा शेजाऱ्यावर उपाय काय, तर झाड.

पहिली चूक मी केली ती सगळेच करतात. रोपवाटिकेत गेले आणि म्हटलं, “सगळ्यात उंच काय आहे?” तिथल्या मुलाने बांबू दाखवला. “ताई, सहा महिन्यांत भिंत होईल भिंत!” सात-सात फुटांच्या चार कुंड्या घेतल्या, कठड्याला लावून एका ओळीत उभ्या केल्या, दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसले आणि वरून आवाज आला, “बांबू आणलेत का? छान, छान.”

भूमितीच्या बाईंनी समरूप त्रिकोण विसरावेत याची लाज वाटली. दुपारी वही घेऊन बसले. खुर्चीत बसल्यावर माझा डोळा जमिनीपासून साडेतीन फुटांवर. काका उभे असले की त्यांचा डोळा माझ्या गच्चीच्या पातळीपासून १५ फुटांवर, १० फूट मजल्याचे आणि ५ फूट काकांचे. खुर्ची आणि काका यांच्यात आडवं अंतर २० फूट. म्हणजे २० फुटांत नजर साडेअकरा फूट चढते. माझा कठडा खुर्चीपासून १५ फुटांवर. तिथे ती रेषा किती उंचावर असेल? गणित करा: १२ फूट. कठड्याजवळ ठेवलेलं झाड कुंडीसकट १२ फूट हवं, तर माझा चष्मा झाकला जाणार. कुंडीत १२ फूट वाढवायला मी काय वनखात्यात आहे?

आता तेच झाड खुर्चीपासून ४ फुटांवर आणा. रेषा तिथे ६ फुटांच्याही खाली येते, ५ फूट १० इंचांच्या आसपास. उंची निम्म्याहून कमी. रुंदीचंही तसंच. काकांची गॅलरी १० फूट लांब. ती पूर्ण झाकायला कठड्यापाशी साडेसात फुटांची हिरवी ओळ लागते, खुर्चीपासून ४ फुटांवर फक्त २ फुटांची. मी मान हलवते, खुर्चीत सरकते, म्हणून ३ फूट धरा. चार कुंड्यांचं काम दोन कुंड्यांत.

अजून एक गंमत वहीत निघाली. वरून बघणाऱ्याला माझी पावलंसुद्धा दिसू नयेत म्हटलं, तरी ती रेषा ४ फुटांवर जमिनीपासून ३ फूट उंचीवरून जाते. म्हणजे झाडाचा खालचा ३ फुटांचा भाग पूर्ण उघडा असला तरी माझं काहीच बिघडत नाही. मला दाट पानं हवी होती ती ३ फुटांपासून ६ फुटांपर्यंतच्या पट्ट्यात. शेजारी तुमच्याच मजल्यावर समोरासमोर असेल तर हिशेब वेगळा. तिथे नजर जवळजवळ आडवी येते, झाड जवळ आणल्याने उंचीत फारसा फरक पडत नाही, आणि पट्टा खाली, मांडीपासून डोक्यापर्यंतचा लागतो. आधी पट्टा काढा, मग झाड शोधा.

गणित नको असेल त्यांनी घरातली जळमटं काढायची लांब काठी घ्यावी. तुम्ही खुर्चीत बसा, दुसऱ्या कुणाला काठी उभी धरून पुढे-मागे चालायला सांगा. काठीचं टोक शेजाऱ्याच्या कपाळावर आलं की तिथे खडूने खूण करा आणि काठीची उंची मोजा. आम्ही हे केलं तेव्हा काका प्रत्यक्ष उभे होते, त्यामुळे माप अचूक आलं. “काय चाललंय?” त्यांनी विचारलं. नवरा म्हणाला, “जळमटं.” उघड्या गच्चीत, आकाशाखाली.

तर बांबू. त्याला ४ गुण का, ते सविस्तर सांगते, कारण पडद्यासाठी झाड म्हटलं की दहातले आठ विक्रेते बांबूच पुढे करतात. बांबूच्या काही जाती दिवसाला ९१ सेंटिमीटरपर्यंत वाढल्याची नोंद आहे आणि विक्रेत्याचा सगळा भर त्या ख्यातीवर असतो. पण ती वाढ जमिनीतल्या, ऐसपैस पसरलेल्या बेटाची. बांबूचा कोंब जमिनीतून जेवढ्या जाडीचा बाहेर येतो तेवढाच जाड तो जन्मभर राहतो, आणि काही महिन्यांत त्याची पूर्ण उंची गाठून होते. त्यानंतर ती काठी इंचभरही वर जात नाही. शेंडा छाटला तर त्या काठीची उंची कायमची तिथेच थांबते, फक्त बाजूला फांद्या येतात. त्यामुळे “आत्ता सात फूट आहे, पुढच्या वर्षी हाच दहा होईल” हे बांबूच्या बाबतीत खोटं आहे. दहा फुटांची होईल ती नवी काठी, आणि ती येण्यासाठी मुळांना जागा हवी.

जागा तर कुंडीत नसते. पहिल्या वर्षी नवे कोंब आले, मी खूश. दुसऱ्या वर्षी आले ते पेन्सिलीसारखे. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी घालूनही पानांची सुरळी व्हायला लागली. पाणी वरून ओतलं की दहा सेकंदांत खालून गळायचं, माती ओली होतच नव्हती. मला वाटलं निचरा उत्तम आहे! मग एका रात्री ‘टक्’ असा आवाज झाला. सकाळी बघितलं तर चारांतली एक प्लास्टिकची कुंडी वरपासून खालपर्यंत उभी तडकलेली, आणि त्या फटीतून पांढरट मुळ्या बाहेर, जाड दोरखंडासारख्या. नवऱ्याने हॅकसॉ आणला. कुंडी कापून काढली तरी आतला गड्डा कुंडीच्याच आकाराचा उभा. त्यात माती शोधावी लागत होती. बोट घालायला जागा नाही, सुरी जाईना. शेवटी त्याच हॅकसॉने गड्ड्याचे चार तुकडे केले, दोन परत लावले, दोन एका शेतवाल्या मैत्रिणीला दिले. संध्याकाळभर हात ठणकत होते. बांबू कुंडीत ठेवायचा तर दर दोन-तीन वर्षांनी हा कार्यक्रम करायचा, ही तयारी असेल तर घ्या.

त्यातही घेताना विचारा की हा बेट करून वाढणारा आहे की जमिनीखालून धावणारा. धावणारा असेल तर तो कुंडीच्या भोकातूनही वाट काढतो. आणि बांबूचा पाचोळा! कठड्यापाशी कुंड्या असताना रोज बोळात सुकी पानं पडायची. काकांना समालोचनासाठी नवा विषय मिळाला. तो एक मुद्दाही कुंड्या आत आणण्याच्या बाजूने धरा: माझा पाचोळा आता माझ्याच गच्चीत पडतो.

जे ४ गुण दिले ते आवाजाचे. वारा आला की बांबूची पानं जी सळसळतात, ती फार सुंदर.

अरेका पाम. मूळचा मादागास्करचा, पण आता घरोघरी. हा घेताना एक गोष्ट माहीत असू द्या. बाजारात जे दाट, भरगच्च झुडूप दिसतं ते एक झाड नसतं. एकाच कुंडीत अनेक रोपं कोंबून लावलेली असतात. माझ्या एका कुंडीत मी बुंधे मोजले, १७ निघाले. पहिल्या दिवशी भिंत वाटते. मग त्या सतरांची आपसात मारामारी सुरू होते, कमजोर मागे पडतात, दोन वर्षांनी माझ्याकडे नऊ राहिले आणि मधे फटी. पामचा वाढता कोंब एकच, शेंड्याला. त्यामुळे कात्री लावून दाट करता येत नाही. शेंडा कापला तर तो बुंधा गेलाच. कामिनीला जसं “इथे भर, तिथे कमी हो” असं सांगता येतं, तसं पामला नाही.

तरीही ६, कारण ज्यांच्या गच्चीत किंवा बाल्कनीत थेट ऊन येत नाही त्यांना याच्यासारखं दुसरं फारसं काही नाही. कडक उन्हात मात्र पानं पिवळी पडतात, टोकं तपकिरी होतात. क्षाराच्या पाण्यानेही टोकं जळतात. घरात कोरडी हवा असेल तर पानांच्या मागे लाल कोळी येतो. पान उलटं करून पांढऱ्या कागदावर झटकायचं, चालणारे ठिपके दिसले की समजायचं. पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या मागच्या बाजूने चार-पाच दिवसांच्या अंतराने मारत राहिले, तेवढ्याने आटोक्यात आला. वरून खाली बघणाऱ्या काकांसाठी अरेकाची पानं कमानीसारखी वाकतात ते सोयीचं, पण वारा आला की पडदा उघडतो आणि मिटतो. एकदा वाऱ्याने फट पडली आणि आमची नजरानजर झाली. दोघांनीही मान फिरवली.

फायकसबद्दल थोडक्यात. नाजूक पानांचा, फांद्या लोंबणारा जो मिळतो, तो. दुकानात देखणा. घरी आणला, पंधरा दिवसांत निम्मी पानं खाली. जागा बदलली, प्रकाश बदलला, झुळूक लागली, काहीही निमित्त पुरतं. पुन्हा पालवी आली, मी बिचारीने सगळ्या बाजूंना ऊन मिळावं म्हणून कुंडी फिरवली, पुन्हा गळती. पडदा म्हणून घेतलेल्या झाडाने रुसून कपडे उतरवावेत हे मला पटत नाही. एका जागी कायमचा, भरपूर उजेडात ठेवणार असाल तर कदाचित तुमचं जमेल.

मोरपंखीवर मी खूप आशा ठेवली होती. दाट, सरळ, वर निमुळती, पाचोळा जवळजवळ नाही. पण तिला चारही बाजूंनी ऊन लागतं. माझी एक बाजू भिंतीकडे होती, ती आतून तपकिरी पडत गेली. आणि मोरपंखीची खोड अशी की हिरवा भाग सोडून जुन्या, उघड्या लाकडापर्यंत छाटलं, तर तिथून पुन्हा फुटत नाही. भोक पडलं ते पडलंच. शिवाय ती वर निमुळती असते, आणि मला ज्या पट्ट्यात दाटपणा हवा तिथेच ती सुळक्यासारखी. दोन मोरपंख्यांच्या मधला जो ‘व्ही’ आकार राहतो त्यात काका अगदी बरोबर बसायचे, चौकटीतल्या फोटोसारखे. समोरासमोरच्या शेजाऱ्यासाठी, भर उन्हात, हिचे गुण मी ७ पर्यंत वाढवीन.

कण्हेर पण सुचवली होती कुणीतरी. उन्हाला चिवट, फुलं वर्षभर, उंची भरपूर. पण तिचा प्रत्येक भाग विषारी, पान, फूल, चीक, सगळं. बहिणीची नात दर सुट्टीत इथे येते आणि हाताला लागेल ते तोंडात घालते. न घेताच सोडली, म्हणून गुण नाहीत.

आता कामिनी. रोपवाटिकेत कामिनी म्हणतात, जुनी माणसं कुंती म्हणतात. लहान, गडद, चकचकीत पानं, पांढऱ्या फुलांचे झुबके, आणि वास असा की फुललेल्या रात्री दार बंद करायला जिवावर येतं. हिची तक्रार सगळे एकच करतात: फार हळू वाढते. रोपवाटिकेतल्या त्या मुलानेही नाक मुरडलं. “ताई, हिची वाट बघत बसाल.” पण माझी वही माझ्याकडे होती. मला जमिनीपासून ५ फूट १० इंच हवे. कुंडी १६ इंचांची. उरले साडेचार फूट. मग वाट कशाची बघायची? साडेचार फुटांचीच कामिनी शोधली. दुकानाच्या मागच्या बाजूला, कुणी घेत नाही म्हणून राहून गेलेल्या दोन होत्या, प्रत्येकी दीड फूट रुंद. आणल्या त्या दिवशी पडदा तयार. आणि जे झाड आधीच हव्या त्या उंचीचं आहे, त्याने हळू वाढणं याच्यासारखं सुख नाही. वर्षातून दोन-तीनदा कात्री फिरवते, बस्स. छाटलं की आतून फुटवे येतात आणि झाड अजून दाट होतं. वर छाटायचं, बाजूला भरू द्यायचं. फुलं नव्या फुटीच्या टोकाला येतात, म्हणून छाटणी बहर संपल्यावर करते. आधी केली तर वास गमावून बसाल.

दीड गुण कशाचा कापला? एक, दाट सावलीत ती विरळ होते आणि फुलत नाही. निदान अर्धा दिवस ऊन हवं. दोन, ती लिंबाच्या कुळातली आहे, आणि लिंबूवर्गीय झाडांचा हरितरोग पसरवणारी सिट्रस सायला नावाची बारीक कीड हिच्या कोवळ्या पालवीवर आनंदाने राहते. घरी लिंबाचं किंवा संत्र्याचं झाड असेल तर कामिनी नको. माझं लिंबाचं झाड मी मैत्रिणीला देऊन टाकलं, तोच अर्धा गुण.

मधुमालती मी दोन कामिनींच्या बाजूला, लांबट कुंडीत जाळी उभी करून लावली. संध्याकाळी उमलते ती पांढरी, मग गुलाबी, मग लाल. एकाच घोसात तिन्ही रंग. पडदा फार लवकर होतो, एका वाढीच्या मोसमात जाळी भरली. पण वाढली म्हणजे किती वाढावं! सुट्ट्या फांद्या चाबकासारख्या कुठेही. आणि जुन्या पानांच्या देठांचे टोकदार आकडे फांदीवर राहतात, छाटताना मनगटावर ओरखडे येतात. हातमोजे घाला, मी दोनदा शिकले. मुख्य धोका वेगळाच. पानांनी भरलेली जाळी म्हणजे शीड. पहिल्याच वादळी रात्री अख्खं प्रकरण कुंडीसकट आडवं झालं, सुदैवाने आतल्या बाजूला. आता जाळी भिंतीतल्या दोन हुकांना तारेने बांधली आहे. वेल घेणार असाल तर आधी भिंतीत हूक मारा, मग वेल आणा.

कुंड्यांबद्दल दोन शब्द, कारण पडद्याच्या नादात लोक वजन विसरतात. १६ इंच व्यासाच्या आणि तेवढ्याच उंच कुंडीत साधारण ५० लिटर माती मावते. बागेतली साधी माती भरून भिजवली तर ती सहज ८० किलोच्या वर जाते. अशा चार कुंड्या बाल्कनीच्या बाहेरच्या कडेला ओळीने ठेवणं म्हणजे तिथे चार-पाच माणसं कायमची उभी करण्यासारखं आहे. माती, कोकोपीट आणि गांडूळखत मिसळून भरलं की वजन बरंच उतरतं. तरी जड कुंड्या घराच्या भिंतीजवळ किंवा खाली तुळई असेल तिथे ठेवाव्यात, शंका असेल तर बांधकामातल्या माणसाला विचारावं. कठड्यावर तर उंच झाड कधीच नको, खाली लोक चालतात. तळाशी खडी भरली की निचरा सुधारतो असं सांगतात, त्यावर विश्वास ठेवू नका. पाणी मातीच्या तळाशीच अडून राहतं, खडीमुळे फक्त मुळांची जागा कमी होते. भोकावर एक खापर पुरे. ताटल्या मी काढून टाकल्या, त्यात साचलेल्या पाण्यात डास होतात, आणि कामिनी खुर्चीपासून ४ फुटांवर आहे हे विसरून चालत नाही.

घेताना काय बघायचं? मी आता रोपवाटिकेत गेले की आधी वाकते. कुंडीच्या किंवा पिशवीच्या भोकातून मुळ्यांचा झुबका बाहेर आला असेल तर झाड आत कोंडलेलं आहे. मग पान उलटं करते. देठाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर पिठ्या ढेकूण, ते झाड नको आणि त्याच्या शेजारचंही नको. मग झाड गोल फिरवून बघते, कारण विक्रेता नेहमी भरलेली बाजू गिऱ्हाइकाकडे करतो. शेवटी वर बघते. वर हिरवी जाळी असेल तर हे झाड सावलीत वाढलेलं आहे, घरी आणून थेट उन्हात ठेवलं तर आठवड्यात करपेल. आठ-दहा दिवस आधी सकाळच्या उन्हात, मग हळूहळू पूर्ण. पहिल्या अरेकाला मी हे केलं नव्हतं.

एक अपेक्षा मात्र ठेवू नका. झाडांनी आवाज अडत नाही. दोन-तीन कुंड्यांच्या पानांतून काकांचा फोन, तो नेहमी स्पीकरवर असतो, तितकाच स्पष्ट ऐकू येतो. त्यांच्या मेव्हण्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी आहे हे मला माहीत आहे. पण माझा चष्मा, माझं पान, माझे पाहुणे त्यांना दिसत नाहीत. समालोचन बंद झालं. पहिल्या आठवड्यात “बाई आहेत का हो तिकडे?” असं दोनदा विचारलं गेलं. मी पान उलटलं.

जवळपास सात महिने शांततेत गेले. मग गेल्या रविवारी डावीकडून आवाज आला, “कामिनी फुलली वाटतं, वास येतोय इथपर्यंत!” बघते तर काका त्यांच्या जिन्याच्या खिडकीत. गॅलरीच्या टोकापासून ती खिडकी ५ फूट लांब, आणि माझा हिशेब गॅलरीपुरताच होता. नवऱ्याला जळमटांची काठी आणायला सांगितली. त्यांचे ५ फूट म्हणजे माझा १ फूट. रोपवाटिकेत फोन केला आहे, त्या मुलाला म्हटलं, साडेचार फुटांची कामिनी, रुंदी एक फूट, मागच्या बाजूला असेल बघ.